1897: एकाने जाळला, दुसऱ्याने कुजवला

(हे आपल्या भागाचं लिखित रूप. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे ते सावकाश मांडलेत. भाषा बोलतानाची आहे, ती तशीच ठेवलीय.)

आजचा विषय कचरा. म्हणजे कचऱ्यापासून वीज.

एक बातमी तुम्ही नक्की वाचलेली असणार. अमुक महापालिका कचऱ्यापासून वीज बनवणार, रोज इतके टन कचरा, इतके मेगावॅट, इतके कोटी. सोबत संगणकावर काढलेलं एक चकचकीत चित्र, ज्यात प्रकल्पाभोवती हिरवळ असते आणि धूर कुठेच नसतो. दोन-तीन वर्षांनी तीच बातमी परत येते, फक्त कोटी वाढलेले असतात.

ही बातमी किती जुनी आहे, हे शोधायला बसलो आणि थेट 1897 पर्यंत गेलो. गंमत म्हणजे त्या एका सालात दोन गोष्टी सापडल्या. एक लंडनमधली, दुसरी आपल्या माटुंग्याची. घाणीतून उजेड काढायचे जे दोन मुख्य रस्ते आज आहेत, ते दोन्ही तिथे दिसतात.

आधी लंडन. शहराच्या पूर्वेला शोरडिच नावाचा दाट वस्तीचा, कष्टकऱ्यांचा भाग. कचरा जाळायच्या भट्ट्या इंग्लंडमध्ये तोवर नव्या राहिल्या नव्हत्या. आल्फ्रेड फ्रायर या माणसाच्या पेटंटवरून 1874 मध्ये नॉटिंगहॅमला अशी भट्टी बांधली गेली होती. तिचं नावच ‘डिस्ट्रक्टर’. हेतू सरळ होता: घाण नष्ट करायची. शोरडिचने एक पाऊल पुढे टाकलं. भट्टीच्या उष्णतेवर वाफ, वाफेवर इंजिन, इंजिनावर वीज, आणि उरलेली ऊब शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहाला. जून 1897 मध्ये उद्घाटनाला आले होते लॉर्ड केल्विन. हो, तेच, ज्यांच्या नावाने आपण तापमान मोजतो. इमारतीवर लॅटिनमध्ये ब्रीद कोरलं: धुळीतून प्रकाश आणि शक्ती.

त्या ब्रीदातली ‘धूळ’ लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे. इंग्रजीत कचऱ्याच्या डब्याला डस्टबिन का म्हणतात? कारण त्या काळी इंग्रजी घरातल्या कचऱ्यात सर्वात जास्त असायची ती शेगडीतली राख. घरोघरी कोळसा जळायचा, आणि राखेत अर्धवट जळलेल्या कोळशाचे खडे असायचे. म्हणजे शोरडिचच्या भट्टीत ‘कचरा’ म्हणून जे जात होतं त्यात बऱ्यापैकी कोळसाच होता.

आता माटुंगा. हॅरी ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मराठी इतिहासाच्या वाचकांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असेल: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत ज्यांनी मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापले, ते हेच ॲकवर्थ. त्यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. आज वडाळ्याला ॲकवर्थ रुग्णालय म्हणतात ते हेच. या आश्रमातलं मैलापाणी बंद टाकीत साठवून, त्यातून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला. भारतातल्या बायोगॅसच्या इतिहासात या प्रयोगाचं साल 1897 असं दिलेलं असतं.

तर शोरडिचने जाळलं, माटुंग्याने कुजवलं. दोन्हीकडे उजेड पडला, कारण दोन्हीकडे जिन्नस आणि कृती यांची जोडी जमली होती. कोळसामिश्रित कोरडी राख भट्टीत, ओला मैला टाकीत. शोरडिचच्या भट्टीत माटुंग्याचा माल घातला असता तर? हे मी नुसतं कल्पना म्हणून विचारत नाहीये. नव्वद वर्षांनी दिल्लीत जवळजवळ तेच झालं.

उत्तर दिल्लीत तिमारपूर नावाचा भाग आहे. 1970 च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर आपल्या सरकारने पर्यायी ऊर्जेचा शोध सुरू केला, 1982 मध्ये त्यासाठी केंद्रात स्वतंत्र विभागच काढला. त्या वातावरणात हा प्रकल्प आला. तंत्रज्ञान डेन्मार्कच्या व्होलुंड कंपनीचं. क्षमता रोज 300 टन कचरा, वीज 3.75 मेगावॅट. 1987 मध्ये प्रकल्प उभा राहिला, चाचणी सुरू झाली, आणि 21 दिवसांत बंद पडला. तो परत कधी नीट चालला नाही.

अनेक लेखांमध्ये यावर एका ओळीत निकाल लावलेला असतो, ‘कचऱ्याची प्रत चांगली नव्हती’. मला ती ओळ खटकते. प्रत कशासाठी चांगली नव्हती? चला, हिशेब मांडूया. मी इंजिनियर आहे, पण यासाठी इंजिनियर असायची गरज नाही, गुणाकार-भागाकार पुरे.

एक किलो कचरा जाळला की किती उष्णता मिळते, त्याला उष्मांक म्हणू. तिमारपूरच्या भट्टीचं डिझाइन किलोमागे 1462 किलोकॅलरी धरून केलेलं होतं. रोज 300 टन म्हणजे 3 लाख किलो. गुणाकार केला की दिवसाला सुमारे 44 कोटी किलोकॅलरी. विजेच्या एककात हे दिवसाचे 5 लाख 10 हजार युनिट होतात, म्हणजे साधारण 21 मेगावॅट उष्णता. त्यातून वीज 3.75 मेगावॅट, म्हणजे जेमतेम 18 टक्के. लहान वाफेच्या जनित्राला हे शोभणारंच आहे. कागदावर सगळं बरोबर जुळतं.

आता प्रत्यक्षात दिल्लीचा कचरा आला तो 600 ते 700 किलोकॅलरीचा. तुम्ही म्हणाल, ठीक आहे, निम्मी उष्णता मिळाली तर निम्मी वीज मिळेल. पावणेदोन मेगावॅट तर मिळेल! इथेच गोम आहे. मिळत नाही. शून्य मिळते.

ज्यांच्या घरी चूल होती किंवा गावी अजून आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. ओलं सरपण अर्धी उष्णता देत नाही, ते नुसतं धुमसतं. फुंकणी घेऊन डोळे लाल करा, रॉकेल ओता, तोवर जळतं, मग विझतं. तिमारपूरला रॉकेलच्या जागी डिझेल होतं.

कारण काय, तर पाणी. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी लागतात. समजा, एक किलो कचरा घेतला, त्यात निम्मं पाणी, पाव भाग माती-राख-खडे, आणि पाव भाग जळण्याजोगी वस्तू. हे प्रमाण मी समजावण्यासाठी घेतोय. जळणारी वस्तू कोरडी असताना किलोला 4000 देते असं धरू, म्हणजे पाव किलोचे 1000. अर्धा किलो पाणी उडवण्यात 300 गेले. उरले 700. आला ना दिल्लीचा आकडा?

1960 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या टॅनर नावाच्या अभियंत्याने याची एक त्रिकोणी आकृती मांडली, जी आजही शिकवतात. पाणी 50 टक्क्यांच्या आत, राख 60 टक्क्यांच्या आत, जळणारा भाग 25 टक्क्यांच्या वर. हे तिन्ही जमलं तर कचरा आपला आपण जळतो, बाहेरचं इंधन न घालता. आपलं उदाहरण बरोबर त्या त्रिकोणाच्या काठावर बसतं. एक पाऊस पडला की पलीकडे.

मग प्रश्न येतो, की हे आधी कोणाला माहीत नव्हतं का? होतं. नागपूरला होतं. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, नागपूरची. या संस्थेने देशातल्या शहरांचा कचरा गोळा करून, वाळवून, चाळून, जाळून मोजलेला होता. भिडे आणि सुंदरेशन या नीरीच्या शास्त्रज्ञांचं विकसनशील देशांतल्या घनकचऱ्यावरचं पुस्तक 1983 चं आहे. नीरीच्या पाहण्यांमध्ये भारतीय शहरांचा उष्मांक साधारण 800 ते 1000 किलोकॅलरी येत राहिला. 1462 च्या जवळपासही नाही. तिमारपूर 1987 चं. मधल्या चार वर्षांत कुणी नागपूरला एक ट्रंककॉल लावला असता तरी पुरलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

पण डॅनिश लोक वेडे होते का? नाही हो. त्यांचा अनुभव खरा होता, फक्त डेन्मार्कचा होता. कोपनहेगनला लागून फ्रेडरिक्सबर्ग आहे. तिथे 1903 मध्ये कचरा जाळून वीज आणि ऊब बनवायला सुरुवात झाली. ऊब हा शब्द महत्त्वाचा. मघाच्या 21 मेगावॅट उष्णतेतली वीज झाली पावणेचार, उरलेली 17 कुठे गेली? दिल्लीत ती हवेत जाते. डेन्मार्कमध्ये ती जमिनीखालच्या नळांतून घराघरांत जाते आणि तिचं बिल येतं. वर्षातले कित्येक महिने थंडी असलेल्या देशात हा धंदा परवडतो. तेच यंत्र उचलून दिल्लीत आणलं की त्याचा विकण्यासारखा मोठा माल, म्हणजे उष्णता, विकायला गिऱ्हाईकच नाही. आपण पंख्याचं बिल भरतो, उबेचं कोण भरणार?

आणि दुसरा फरक कचऱ्याच्या पोटातला. तिकडच्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक भरपूर. आपल्याकडे हे सगळं कचरा होण्याआधीच निघून जातं. वर्तमानपत्रं रद्दीवाल्याकडे, डबे-बाटल्या भंगारवाल्याकडे. त्यातूनही जे कुंडीत पडलं, ते कचरावेचक बाई उचलते. कुंडीत राहतं काय? भाजीची देठं, उरलेला भात, नारळाच्या करवंट्या, झाडलोटीची माती. म्हणजे आपल्या कचऱ्यातला जळणारा भाग कुणीतरी हाताने वेचून, विकून, त्यावर घर चालवत असतं. भट्टीला हवा असतो नेमका तोच भाग. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि त्यातूनच 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था झाली. या मंडळींचा कचरा जाळणाऱ्या प्रकल्पांना विरोध असतो, तेव्हा काहींना तो विकासविरोधी वाटतो. वरचा हिशेब समोर ठेवून बघा. एकाच पुठ्ठ्यावर दोघांचा दावा आहे, आणि पुठ्ठा परत पुठ्ठा झाला तर जाळण्यापेक्षा जास्त ऊर्जा वाचते.

बरं, जाळणं जमलं नाही, मग माटुंग्याचा रस्ता? ओला कचरा कुजवा, बायोगॅस काढा. हा रस्ता खेड्यात आपण चांगला ओळखतो. जशभाई पटेलांचं ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र 1950 च्या दशकाच्या सुरुवातीचं, आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस गावोगाव नेला. पण शेण ही फार सज्जन वस्तू आहे. गाय आधीच सगळं बारीक चावून, रवंथ करून, एकजीव करून देते. शहराचा कचरा तसा नसतो.

हे लखनौला कळलं. 2003 मध्ये तिथे 5 मेगावॅटचा बायोमिथेनेशन प्रकल्प सुरू झाला. मोठा गाजावाजा. टाक्यांमध्ये काय यायला लागलं? माती, गटारातला गाळ, बांधकामाचे तुकडे. टाकीतल्या जिवाणूंना विटा पचत नाहीत. तो प्रकल्पही बंद पडला. कचऱ्याच्या प्रश्नावर 1996 पासून सर्वोच्च न्यायालयात अल्मित्रा पटेल यांची याचिका चालू होती, त्यात हा विषय निघाला. न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलं की तज्ज्ञ समिती बघेपर्यंत अशा प्रकल्पांना नवीन अनुदान देऊ नका. 2007 मध्ये पाच प्रायोगिक प्रकल्पांपुरती परवानगी मिळाली.

म्हणजे बघा, दिल्लीत जाळणं फसलं, लखनौत कुजवणं फसलं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं एक लाडकं वाक्य आहे, ‘गार्बेज इन, गार्बेज आउट’. इतकं अक्षरशः लागू पडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण विनोद बाजूला ठेवू. दोन्ही प्रकल्पांत यंत्राचा अभ्यास झाला होता. यंत्राच्या तोंडाशी येणाऱ्या ट्रकचा झाला नव्हता.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल की हा जुना इतिहास झाला, आता परिस्थिती बदललीय. थोडी बदललीय, हे खरं. कचऱ्यात प्लॅस्टिकची पाकिटं वाढली, ती कुणी वेचत नाही कारण त्यांना भाव नाही, आणि ती जोरात जळतात. दिल्लीतच ओखल्याला 2012 मध्ये नवा प्रकल्प सुरू झाला, रोज सुमारे 2000 टन, 16 मेगावॅट. तो 21 दिवसांत बंद पडला नाही, वर्षानुवर्षं चालला. म्हणजे भारतात कचरा जळतच नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही.

पण तोच भागाकार इथे करा. 16 मेगावॅट पूर्ण दिवस चालले तर 3 लाख 84 हजार युनिट. भागिले 2000 टन. टनामागे 192 युनिट. तिमारपूरच्या कागदावर हा आकडा होता 300. पंचवीस वर्षं गेली, तंत्रज्ञान सुधारलं, आणि आपण टनामागे कमी वीज धरायला शिकलो. मला तरी ही प्रगतीच वाटते. निदान आकडा खोटा नाही.

ओखल्याची दुसरी बाजू शेजारच्या सुखदेव विहारच्या रहिवाशांना विचारायची. त्यांनी धुराविरुद्ध कितीतरी वर्षं लढा दिला. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये प्रकल्पाला 25 लाखांची भरपाई भरायला लावली आणि प्रकल्प चालू ठेवायला परवानगी दिली. हा निकाल ऐकून दोन्ही बाजूंना काय वाटलं असेल, कल्पना करा.

धुराबद्दल एक गोष्ट मला वाचताना उशिरा उमगली, ती सांगतो. आपण उष्मांक हा विजेचा प्रश्न समजतो आणि डायॉक्सिन हा प्रदूषणाचा वेगळा प्रश्न समजतो. तो एकच आहे. युरोपचा नियम असा की जळणातून निघालेला वायू किमान 2 सेकंद 850 अंशांवर राहिला पाहिजे, तरच ती विषारी संयुगं मोडतात. कचरा ओला असेल तर भट्टी 850 वर टिकत नाही. म्हणजे कमी उष्मांकाचा कचरा वीजही कमी देतो आणि विषही जास्त सोडतो. चाळणी, गाळणी सगळ्या बसवता येतात, पण त्या महाग असतात, आणि ज्याला वीजच कमी मिळतेय त्याला त्या परवडायला हव्यात.

आता पैशांकडे येऊ. 2015 मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने कचऱ्याच्या विजेसाठी जो सर्वसाधारण दर काढला तो युनिटला 7 रुपयांच्या आसपास होता. 2016 च्या वीजदर धोरणाने वितरण कंपन्यांना सांगितलं, ही सगळी वीज घ्यायचीच. त्याच सुमारास, मे 2017 मध्ये, राजस्थानात भादल्याला सौरऊर्जेचा दर लागला 2 रुपये 44 पैसे. मग कचऱ्याच्या विजेचे जास्तीचे साडेचार रुपये कशाचे? ते कचरा नाहीसा करायचे आहेत. त्यात वाईट काही नाही, कचरा नाहीसा करायला पैसे लागतातच. माझी तक्रार एवढीच की तो खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ‘सफाई’ म्हणून दिसत नाही, वीज ग्राहकाच्या बिलात विरघळून जातो. आणि सगळ्यांना वाटत राहतं की कचरा हे सोनं आहे.

सोनं किती, तेही मोजून झालंय. 2014 मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने, कस्तुरीरंगन अध्यक्ष असलेल्या, अंदाज दिला होता की देशभरातल्या शहरी कचऱ्यातल्या जळण्याजोग्या भागातून 439 मेगावॅट वीज होऊ शकेल. अख्ख्या देशातून. आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला एक मोठा संच 500 मेगावॅटचा आहे, आणि तिथे असे पाच आहेत. म्हणजे ‘कचऱ्यातून वीज’ हा विजेचा कार्यक्रम नाहीच. कचऱ्याची विल्हेवाट लावताना थोडी वीज परत मिळाली तर बरं, इतकाच त्याचा खरा अर्थ.

आणि विल्हेवाटीची गरज मात्र खरी आहे, हे मी हलक्यात घेत नाही. मुंबईचं देवनार डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं. जानेवारी 2016 मध्ये त्याला आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. त्या गावांतल्या माणसाला टॅनरचा त्रिकोण सांगायला गेलो तर तो म्हणेल, तुमचा त्रिकोण ठेवा तुमच्यापाशी, ट्रक थांबवा आधी. त्याचं बरोबर आहे.

माटुंग्याचा रस्ता कुठे चाललाय, तर जिथे ओलं ओल्यात राहिलं तिथे. भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ नावाचं संयंत्र विकसित केलं. त्यात ओला कचरा आधी दळून, गरम पाण्यात, उष्णता आवडणाऱ्या जिवाणूंकडून अर्धवट पचवून घेतात, मग बंद टाकीत घालतात. थोडक्यात गाईचं काम यंत्र करतं. माथेरानला हे संयंत्र बसवलं आणि त्याच्या विजेवर रस्त्यावरचे दिवे लावले. माथेरान छोटं, हॉटेलं भरपूर, स्वयंपाकघरातला कचरा मोठ्या प्रमाणात एकसारखा. गोव्यात साळगावला 2016 मध्ये 100 टनांचा प्रकल्प सुरू झाला, पुढे तो 250 टनांपर्यंत वाढवला. तिथे कुजवण्याआधी वेगळं करणारी मोठी यंत्रणा आहे, आणि सरकार तो खर्च खर्च म्हणूनच करतं.

कुजवण्याचाही भागाकार सांगून टाकतो. चांगला ओला कचरा टनाला साधारण 60 ते 100 घनमीटर बायोगॅस देतो, एका घनमीटरला दीड-दोन युनिट वीज. म्हणजे टनाला शंभर ते दोनशे युनिट. ओखल्याच्या 192 पेक्षा फार मागे नाही, आणि राखेऐवजी खत उरतं. अट एकच, आणि ती तुम्हाला आता पाठ झाली असेल.

बऱ्याच जणांनी मेल करून विचारलंय की आमच्या शहरात असा प्रकल्प येतोय, आमसभेत काय विचारायचं? माझं मत विचाराल तर प्रकल्प अहवालातलं मेगावॅटचं पान सोडा. कचऱ्याच्या नमुन्यांचं पान उघडा. नमुने कुठल्या महिन्यात घेतलेत ते बघा. मे महिन्यात घेतले असतील तर तो अहवाल मे महिन्यापुरता खरा. जागतिक बँकेच्या 1999 च्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की वर्षाची सरासरी किलोला 7 मेगाज्यूल हवी, आणि कुठल्याही ऋतूत ती 6 च्या खाली जाता कामा नये. 6 मेगाज्यूल म्हणजे सुमारे 1430 किलोकॅलरी. तिमारपूरच्या 1462 च्या किती जवळ आहे बघा. आपल्या 2016 च्या घनकचरा नियमांतही 1500 किलोकॅलरीची रेघ होती, त्याच्या वरचा पुनर्वापर न होणारा कचरा पुरायचा नाही, ऊर्जेसाठी वापरायचा. तर विचारा: जुलैमधल्या, उघड्या कुंडीतल्या, भिजलेल्या कचऱ्याचा आकडा किती?

नमुना कुठून उचलला तेही विचारा. सोसायटीच्या दारात घेतलेला आणि डेपोवर ट्रक रिकामा करून घेतलेला, यात माती-डेब्रिजचा फरक असतो. मग करारात रोज किती टन द्यायची हमी पालिकेने घेतलीय ते वाचा. कारण उद्या लोकांनी घरीच खत करायला सुरुवात केली, वेचकांनी सुका कचरा जास्त उचलला, तर कचरा कमी होईल, आणि आपल्याच शहाणपणाचा दंड आपल्यालाच भरावा लागेल, अशी कलमं अशा करारांत असू शकतात. डेन्मार्कने भट्ट्या इतक्या बांधल्या की त्यांना बाहेरच्या देशांतून कचरा आणायची वेळ आली. आपल्याला ती चैन नको. आणि शेवटी, राख कुठे जाणार ते गावाच्या नावासकट विचारा. ज्या कचऱ्यात पाव भाग माती आहे, त्याच्या 600 टनांमागे निदान 150 टन राख उरणार, रोज. ‘शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट’ हे उत्तर मिळालं तर परत विचारा, कुठल्या गावात?

शोरडिचची ती इमारत अजून उभी आहे. धुळीतून प्रकाश आणि शक्ती हे ब्रीदही भिंतीवर आहे. आत आता सर्कशीची शाळा चालते. माटुंग्याच्या टाकीवर मात्र एक अख्खा भाग होऊ शकतो, कारण ॲकवर्थसाहेबांचे पोवाडे आणि त्यांचा आश्रम हे प्रकरण मोठं आहे. तो भाग पुढच्या महिन्यात.